बत्तीस बोअर आणि हिरवी पडलेली काडतुसं

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय बंदुकीचा असला तरी भांडणाचा नाही, त्यामुळे खाली कमेंटमध्ये उगाच कुणी दंड थोपटू नका.

मागच्या आठवड्यात हेळवाकला चहाच्या टपरीवर बसलो होतो. आमच्या ओळखीचे एक रिटायर हवालदार आहेत. फौजेत चोवीस वर्षं काढली, आता एका बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभे असतात. रिव्हॉल्व्हरच्या लायसन्सच्या नूतनीकरणासाठी साताऱ्याला जाऊन आलो म्हणून मी सांगितलं, तर ते हसायलाच लागले.

"अण्णा, ती बत्तीस कशाला जपून ठिवलीया? इकून टाका. त्या गोळीनं रानडुकराला नुसती खाज सुटंल."

शेजारी त्यांचा पुतण्या होता. त्यानं लगेच मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ लावला. कुणीतरी नऊ एमएमच्या पिस्तुलानं धडाधड निशाणे उडवतोय. "अण्णा, तिकडं बत्तीसकडं कुणी ढुंकून बघत नाय. म्हातारी माणसं घेत्यात ती गोळी."

मी पण हसलो. मी म्हातारा आहेच. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ज्यांच्याकडं रिव्हॉल्व्हरचं लायसन्स आहे, त्यांतल्या बहुतेकांकडं ही बत्तीसच आहे. जगात मागं पडलेल्या गोळीला आपण अजून धरून बसलोय. ही निष्ठा म्हणायची, सवय म्हणायची, का आणखी काही?

पहिल्यांदा हवालदारसाहेबांचं खरं आहे ते मान्य करतो. ज्याला आपण बत्तीस बोअर म्हणतो ते काडतूस म्हणजे .32 स्मिथ अँड वेसन लाँग. जन्म 1896 सालचा. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या पोलिसांना .32 ची रिव्हॉल्व्हरं दिली गेली, आणि ती देणारा पोलीस आयुक्त होता थिओडोर रूझवेल्ट, जो पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. म्हणजे एके काळी ही पोलिसांची गोळी होती. पण तिची शिसाची गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला दोनशे मीटरपेक्षा थोडा जास्त. नऊ एमएमची ताकद हिच्या साधारण तिप्पट. त्यामुळे तिथले पोलीस आधी .38 वर गेले, नंतर नऊ एमएमवर, आणि बत्तीस मागं राहिली.

अगदी संपली असंही नाही. नेमबाजीच्या सेंटर फायर पिस्तूल प्रकारात जगभरचे नेमबाज हेच काडतूस वापरत आले, फक्त त्यांच्या गोळीचं तोंड सपाट असतं, म्हणजे कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. धक्का कमी, हात हलत नाही. आपल्या जसपाल राणानं याच प्रकारात 1994 ला हिरोशिमाच्या आणि 2006 ला दोहाच्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं. दोह्याला 590 गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, तीसुद्धा अंगात ताप असताना. तेव्हा "खाज सुटंल" म्हणण्याआधी जरा थांबा, एवढंच.

आता मुद्द्याकडं येतो. आपण बत्तीसला धरून आहोत ते आपल्याला ती आवडली म्हणून नव्हे. आमच्या वरच्या वाड्यांना दिवसातून एकच एस.टी. येते. सगळे तिच्यातूनच जातात. त्यांना एस.टी.चे भक्त म्हणायचं का? तसलाच हा प्रकार.

गोष्ट इंग्रजांपासूनची आहे. 1857 नंतर त्यांना एकच धास्ती होती: फौजेचं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये. बसलं तर चोरीचा माल खपायला बाजार तयार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदुस्थानात .450 च्या रायफलींवर बंदी घातली, तर विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी .465 आणि .470 अशी नवी मापं काढली. फौजेची रायफल .303, म्हणून इथल्या शेतकऱ्याला आणि शिकाऱ्याला .315. इंग्रज गेले, पण हा हिशेब तसाच राहिला. 1959 चा शस्त्र कायदा, 1962 चे नियम, मग 2016 चे नवे नियम. कागद बदलत गेले, पण फौज-पोलिसांचं जे माप ते सामान्य माणसाला बंद, हे सूत्र कायम. .38, .455, नऊ एमएम, सगळं पलीकडं. ज्याला आपण बोलताना पी.बी. आणि एन.पी.बी. म्हणतो ते हेच. हातात धरायच्या हत्यारात आपल्या वाट्याला मुख्यतः .22 आणि .32 उरली.

त्यात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करणं बंद झालं. मग उरले आपले सरकारी कारखाने. कानपूरच्या कारखान्यानं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर काढलं, ते मुळात वेब्लीच्या जुन्या .38 लष्करी रिव्हॉल्व्हरच्या घडणीवर. मधून मोडायचं, की सहाच्या सहा पुंगळ्या वर उचलल्या जातात. 2014 ला बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' आलं, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. (सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर घेऊन कोणती बाई रात्रीच्या पाळीवरून एस.टी.नं घरी येते, हे मला अजून कळलेलं नाही.) 2023 ला 'प्रबळ' आलं. तेही बत्तीसच. आणि खरी गंमत पुढं आहे. वेब्ली अँड स्कॉट ही मूळ इंग्रज कंपनी काही वर्षांपूर्वी भारतीय भागीदाराबरोबर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात आली. सुरुवात कशानं केली? बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरनं. ज्यांच्या फौजेच्या भीतीपायी हा नियम झाला, त्यांचीच कंपनी आता त्या नियमात बसेल असा माल इथं बनवते.

आणि काडतूस? ते आपल्या दाराशीच बनतं. पुण्याला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, 1869 सालापासूनचा कारखाना तो. पुंगळीच्या बुडावर के.एफ. लिहिलेलं असतं, ते किर्की फॅक्टरीचं. 2021 च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला. म्हणजे जगात मागं पडलेली गोळी सातारकरांना दोन तासांच्या अंतरावरून मिळते. कसली आलीय निष्ठा?

पण मग मी ते विकत का नाही? सांगतो.

रिव्हॉल्व्हर वडिलांचं आहे. 1967 च्या भूकंपानंतर कोयनेत सगळीकडं बांधकाम निघालं, त्यात वडिलांनी छोटी-मोठी कामं घेतली. तेव्हा मजुरांचा पगार रोखीनं. दर पंधरवड्याला बँकेतून पिशवी आणायची, रस्ता निर्जन, पावसात दिवसा अंधार. म्हणून लायसन्स काढलं आणि एका माणसाकडून जुनं विलायती वेब्ली घेतलं. माझ्या माहितीत त्यांनी ते माणसावर कधी रोखलं नाही. एकदा घाटात गाडी बंद पडली तेव्हा पिशवी पायाखाली आणि हे मांडीवर ठेवून रात्रभर बसले होते, एवढीच काय ती त्याची मर्दुमकी. खंडेनवमीला कोयता, विळा, फावड्याबरोबर तेही पाटावर यायचं. हळदकुंकू लावायला आई कचरायची, मग एकच फूल वाहायची.

त्यांच्या मागं वारस म्हणून ते माझ्याकडं आलं. आयात बंद असल्यामुळे असल्या जुन्या विलायती मालाला आज लाखांत किंमत येते. मला दोघांनी विचारलंय. तेव्हा माझं ठेवणं हा शुद्ध व्यवहार नाही, मान्य. पण त्यात सगळी भावनाही नाही.

सध्या लायसन्सवाल्यांत एक मागणी जोरात आहे. नऊ एमएम आम्हालाही खुली करा, गुंडांकडं आहे तर आमच्याकडं का नको? ऐकायला बरोबर वाटतं. मध्य प्रदेशातून चोरून येणाऱ्या पिस्तुलांच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच. पण त्या बातम्या नीट वाचा. त्यातली कितीतरी पिस्तुलं 7.65 एमएमची असतात. म्हणजे .32 च, फक्त पिस्तुलाची. (नवीन लोकांसाठी: बत्तीस दोन आहेत. रिव्हॉल्व्हरची लांब, बुडाला कड असलेली. पिस्तुलाची आखूड. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. दुकानात गेल्यावर लायसन्सवर काय लिहिलंय ते आधी बघा.) तर गुंडाचं काम बत्तीसमध्ये होतं आणि आपलं होत नाही, हे कसं? गुंडाला गोळीच्या ताकदीचं बळ नसतं. आपण कधी झाडायची ते त्यानं आधीच ठरवलेलं असतं, ते त्याचं बळ. आपण घरात झोपलेले असतो, हत्यार कपाटात असतं. नऊ एमएम दिली तरी ती कपाटातच असणार.

आणि असावी पण कपाटातच. मला हेच म्हणायचंय. आपल्याकडं रिव्हॉल्व्हर कुठं दिसतं? कमरेला, शर्ट जरा वर करून, लग्नात, वाढदिवसाच्या बॅनरखाली, साखर कारखान्याच्या सभेला. 2019 च्या दुरुस्तीत आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद करावी लागली. कायद्यात तसं लिहावं लागतं यातच सगळं आलं. हवेत गेलेली गोळी खाली कुठंतरी येतेच. ज्या समाजात मांडवात गोळ्या उडतात, तिथं तिप्पट ताकदीची आणि पंधरा-सोळा गोळ्यांची पिस्तुलं वाटा म्हणणाऱ्यांत माझं नाव घालू नका. जुनी, कमी ताकदीची, सहाच गोळ्यांची बत्तीस आपल्याला नियमानं दिली, आवडीनं नव्हे. पण नकळत माप बरोबर बसलं.

रानडुकराचं म्हणाल तर तो विषयच वेगळा. डुक्कर रिव्हॉल्व्हरनं मारायचं नसतं, आणि कशानंही मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. हजार किलोचा गवा भातात उतरला की नऊ एमएमवालाही घरातच बसतो. इथल्या शेतकऱ्याला पीक राखायला साधी एकनळी मिळवताना चपला झिजवाव्या लागतात, आणि बड्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर सहज येतं, हा राग मात्र खरा आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

वारसानं लायसन्स घेताना मला हत्यार हाताळण्याचं ट्रेनिंग करावं लागलं. एका रायफल क्लबच्या रेंजवर गेलो. वडिलांच्या कातडी पट्ट्यातली सहा काडतुसं घेऊन गेलो होतो. शिकवणाऱ्यानं पट्टा बघितला आणि कपाळाला हात लावला. कातड्याच्या कमावणीत जो अंश असतो त्यानं पितळ खाल्लं जातं. वर हिरवट चर धरते. त्यात आमचं कोयनेचं हवामान, वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथं पितळाचं काय. त्यानं ती काडतुसं बाजूला काढली. मग डब्यातली बरी दिसणारी सहा घेतली. त्यातली दोन उडालीच नाहीत. घोडा पडला, टक् असा आवाज, संपलं.

मी काय केलं? जे सिनेमात बघितलेलं तेच. रिव्हॉल्व्हर तोंडाजवळ घेऊन बघायला लागलो, काय झालं म्हणून. शिकवणारा ओरडला तो आवाज अजून कानात आहे. काडतूस उडालं नाही तर नळी निशाणाकडंच ठेवायची आणि निदान तीस सेकंद थांबायचं. ओल लागलेली दारू कधीकधी उशिरा पेट घेते. आणि आवाज फुसका आला, धक्का कमी बसला, तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते, दुसरी तिच्यावर आपटली तर नळी फुगते किंवा फुटते. रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचा.

मी पन्नाशीचा होतो तेव्हा. घरात जन्मापासून रिव्हॉल्व्हर. आणि हे मला माहीत नव्हतं.

म्हणून हवालदारसाहेबांना माझं उत्तर असं आहे: तुम्ही गोळीच्या ताकदीचं बोलता, पण तुम्ही फौजेत दरवर्षी फायरिंग केलंय. आमच्यातल्या किती जणांनी गेल्या दहा वर्षांत एक तरी गोळी झाडली? मी ओळखीच्या सातजणांना विचारलं. पाचजणांनी एकदाही नाही. एकानं "लेकाच्या लग्नात" म्हणून सांगितलं आणि मग जीभ चावली. काडतुसं कधीची? "वडील आणायचे." पाचजणांच्या घरी रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या एकाच कपाटात, किल्ली देवघरात, आणि घरात नातवंडं.

नूतनीकरणाला गेलो तेव्हा माझे फोटो झाले, पत्ता, युआयएन नंबर, गुन्हा दाखल आहे का, सगळं विचारलं. शेवटची गोळी कधी झाडली, काडतुसं कोणत्या सालची, कुठं ठेवता, हे कुणीच विचारलं नाही. आधी लायसन्स तीन वर्षांचं होतं, आता पाच वर्षांचं झालं. पाच वर्षांतून एकदा तरी लायसन्सवाल्याला रेंजवर उभं करा, बारा गोळ्या झाडायला लावा, जुना माल तिथंच जमा करून घ्या. ज्याला हे नको त्यानं हत्यार जमा करावं. जिल्ह्यात पोलिसांचं फायरिंग होतंच, त्यातला वर्षातला एखादा रविवार आम्हाला द्या, पैसे आम्ही भरू. नऊ एमएम मागायला जे निवेदनं घेऊन फिरतात त्यांनी हे एक निवेदन द्यावं, पहिली सही माझी.

अजून एक, निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. तक्रार जमा करण्याबद्दल नाही. पण एकदा परत मिळालं तेव्हा नळीच्या तोंडाला गंज होता, पिशवीसकट भिंतीला लावून ठेवलेलं, भिंत पाझरती. तेव्हापासून मी जमा करताना तेल लावून, मेणकापडात गुंडाळून देतो आणि पावतीवर अवस्था लिहून घेतो. तुम्हीही घ्या. घरी ठेवतानाही कातडी म्यानात किंवा पट्ट्यात ठेवू नका. काडतुसं वेगळ्या कुलपात, कोरड्या डब्यात, डब्यावर आणल्याची तारीख लिहून.

परवा टपरीवर पुन्हा हवालदारसाहेब भेटले. वरचं सगळं त्यांना सांगितलं. पुतण्या मोबाईलमध्येच होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अण्णा, माझ्या बारा बोअरची काडतुसं पण बँकेनं कवा दिल्याली बघायला पायजेत. पट्ट्यातच हायती."

बुधवारी आम्ही दोघं कराडला जाणार आहोत. माझ्या डब्यात वडिलांच्या वेळची चौदा काडतुसं शिल्लक आहेत, ती लायसन्सवर नोंद करून जमा करायचीत. त्यांना त्यांच्या मॅनेजरकडून पत्र मिळालं तर तेही नवीन माल बघतील. पाटण-कोयना भागातल्या कुणाला आपली जुनी काडतुसं जमा करायची असतील, तर आपापलं लायसन्स घेऊन सकाळी नऊला हेळवाकच्या स्टँडवर या. रिव्हॉल्व्हर घरीच ठेवा.